न फुटलेल्या टिकल्या

मी बोगद्यात नोकरी केली असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सुरुंग उभा राहतो. मोठा आवाज, धूर, उडणारे दगड आणि त्यातून हेल्मेट सावरत बाहेर येणारा मी. लग्नाकार्यात मी कुणाचा हा गैरसमज दूर करत नाही, तेवढाच भाव मिळतो. पण छापून यायचं म्हणजे खरं सांगायला हवं. सगळ्या नोकरीत मी एकही सुरुंग उडवला नाही. सुरुंगवाले हात धुऊन घरी गेले की माझं काम सुरू व्हायचं.

सुरुंगाने जो दगड पडतो त्याचं भय नसतं. तो पडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, शिट्टी वाजलेली असते, माणसं लांब गेलेली असतात. भय असतं ते मागे उरलेल्या दगडाचं. आमच्याकडे रोह्याला धावीर महाराजांची पालखी निघते. समजा, खांदेकऱ्यांतला एक जण मधेच बाजूला झाला. पालखी लगेच खाली येत नाही. उरलेले त्याचा भार वाटून घेतात आणि चालत राहतात. दहा पावलं जातात, पन्नास जातात, मग त्यांतल्या एकाचा खांदा वाकायला लागतो. डोंगरातून बोगदा काढला की असंच होतं. जो दगड आपण उचलून नेला त्याच्या वाटचा भार बाजूच्या दगडावर येतो. तो बिचारा घेतोही. पण किती दिवस घेईल हे तो सांगत नाही. कधी दोन तासांनी सुटतो, कधी दोन महिन्यांनी, सगळं शांत असताना, माणसं खाली निवांत सळया बांधत असताना.

त्यातून आपल्या डोंगरांची एक खोड आहे. काळा दगड पक्का, मोडेन पण वाकणार नाही अशा जातीचा. पण त्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा मऊ थर असतो. बंद असतो तोवर गुणी. बोगदा काढला, त्याला हवा नि ओल लागली की तो फुगतो, सुटायला लागतो आणि वरच्या काळ्या दगडाला घेऊन हळूहळू खाली यायला बघतो.

हे हळूहळू म्हणजे किती, ते मोजणं हे माझं काम. भिंतीत समोरासमोर लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांच्यामध्ये पोलादी टेप ताणायची आणि अंतर लिहून ठेवायचं. उद्या तेच, परवा तेच. अंतर केसाएवढं कमी झालं तरी समजायचं, बोगदा मिटायला बघतोय. लोक मला टेपवाला म्हणायचे. एकदा बाहेरून एक साहेब तपासणीला आले आणि हट्टच धरून बसले की हा दगड पडणार नाही असं लेखी द्या. मी म्हटलं, साहेब, मी देतो, पण खाली दगडाची सही कुणी आणायची? त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

पण ज्या सहीची गोष्ट मला सांगायची आहे ती माझीच आहे.

रोह्याच्या पुढे, डोंगराच्या पोटातून पाण्याचा एक बोगदा निघत होता. माथ्यावर दोन-अडीचशे मीटर डोंगर. मी पेणच्या खारेपाटातला, म्हात्र्यांचा. रोह्यापर्यंत रेल्वे नुकतीच झाली होती. सकाळची गाडी पेणहून धरायची, कासू गेलं, नागोठणे गेलं की निडीला आमचा गोविंद मुकादम चढायचा. हा भातशेती सांभाळून लायनिंगच्या टोळीवर यायचा, म्हणजे बोगद्याला आतून काँक्रीटचं अस्तर करणाऱ्यांवर. त्याच्या टोळीत चौदा माणसं, निम्मी त्याच्याच गावची, दोघे तर सख्खे पुतणे. समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला, "टेपवाले, आज दगडाची तब्येत कशी हाय?" मी म्हणायचो, तुझ्यापेक्षा बरी.

दामूदादाला ह्या कामावर मी आणला. पेणचे गणपती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, पण गणपतीला नजर देणारा हात कुणाचा हे कुणी विचारत नाही. मूर्तीचं सगळं झालं की शेवटी डोळे आखायचे असतात. ते काम कारखान्यात एक-दोघांनाच जमतं. दामूदादा त्यांतला. पन्नाशी ओलांडली आणि त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांच्या नसा सुकायला लागल्या. आखणी गेली. मग त्याला ओल्या मूर्ती वाळवण्याच्या जागेवर बसवलं. शाडूची मूर्ती बाहेरून आधी वाळते, आतून मागाहून, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी तिला बारीक चिरा पडतात. त्या बोटाने चाचपून, ओल्या मातीने बुजवायच्या. दामूदादा ते छान करायचा, पण ज्या कारखान्यात डोळे आखले तिथे चिरा बुजवत बसणं त्याच्या मनाला लागलं. घरी बसला. आमच्या दोन घरांची जुनी ओळख. मी म्हटलं, दादा, चला माझ्याबरोबर, प्लॅस्टर कालवणारा माणूस हवाच आहे.

आणि तो खरंच हवा होता. बोगद्याच्या एका पट्ट्यात तो तांबडा थर डोक्याच्या जरा वर, भिंतीतून आडवा गेला होता. तिथल्या माझ्या खुंट्या दगड भरायच्या यंत्राने वाकवून टाकल्या. आमचे भूगर्भवाले पाध्ये साहेब म्हणाले, खुंट्या नव्याने बसवेपर्यंत प्लॅस्टरच्या टिकल्या लावू. म्हणजे थराच्या वरचा दगड आणि खालचा दगड मिळून, मध्ये तळहाताएवढी प्लॅस्टरची चकती बसवायची. दगड जरा जरी हलला तरी चकती तडकते. बाकी काही कळत नसलं तरी तेवढं नक्की कळतं. दामूदादाने अशा बावीस टिकल्या लावल्या. काय त्या टिकल्या. एकसारख्या गोल, कडा ओल्या बोटाने फिरवलेल्या. गोविंद म्हणाला की आता हळदीकुंकूच काय ते राहिलं.

दामूदादाचं रोजचं काम असं की सकाळी माझ्या आधी आत जायचं, बादली नि फडकं घेऊन टिकल्यांवरची धूळ पुसायची, मग मी बॅटरी मारून एकेक बघायची आणि नोंद करायची. पहिला दिवस, काही नाही. आठवा दिवस, काही नाही. तीन आठवडे बावीसच्या बावीस टिकल्या कोऱ्या. पाध्ये साहेब पुण्याचे, स्तुतीच्या बाबतीत हात आखडता. तेही म्हणाले, "म्हात्रे, थर दिसतो वाईट, पण वागतो चांगला." ह्या पट्ट्यात पोलादी कमानी बसवायच्या की नाही हा प्रश्न होता. कमानी यायला वेळ लागणार होता आणि वरून घाई होती. टिकल्या कोऱ्या आहेत म्हणून कमानींशिवाय लायनिंगची टोळी आत सोडायचं ठरलं. नोंदीखाली 'हालचाल नाही' असं लिहून मी सही केली. मोठी, झोकदार सही केली. त्या वेळी मला तिचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

टोळी आत गेली त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारी मी आणि दामूदादा बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याच्या सावलीत जेवायला बसलो होतो. भात आणि सुकटाचं कालवण. गोविंदची माणसं लवकर जेवून पुन्हा आत गेली होती. मी असाच फुशारकीत होतो. म्हटलं, दादा, इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण तीन आठवड्यांत एकसुद्धा टिकली तडकली नाही असा दगड पाहिला नाही.

दामूदादा हसला. घास गिळला आणि म्हणाला, "तडकतील कशा? मी हाय ना."

मी विचारलं, म्हणजे?

"रोज सकाळी बोट फिरवून बघतो मी. कुठं बारीक चीर लागली तर तिथल्या तिथं भरतो, वर ओलं बोट फिरवतो. तू आलास का तुला सगळ्या साफ दिसतात." आणि मग, अगदी प्रेमाने, "तू मला कामाला लावलंस, तुझी एकबी टिकली मी फुटकी ठेवली नाय."

भाताचा घास हातातच राहिला. मला राग आला नाही, हे मला आजही आठवतं. राग यायला सवड लागते. मी फक्त गोविंदची माणसं मोजत होतो, चौदा, आणि सगळी त्या थराखाली. मी उठलो आणि पळालो. मागून दामूदादा काय झालं काय झालं करत येत होता. त्याला धड दिसत नव्हतं, पण महिनाभर चाललेली वाट, तो भिंतीला हात लावून माझ्या मागोमाग पोचला.

गोविंदला सांगितलं, माणसं बाहेर काढ. तो परांचीवर उभा होता. म्हणाला, का? पाध्ये साहेब बोलले का? मी म्हटलं, नाही, साहेब रोह्याला आहेत. मग म्हणाला की चार तासांत ह्या सळया बांधून झाल्या नाहीत तर उद्याचं काँक्रीट चुकेल, आणि तुझीच तर सही आहे, मी स्वतः बघितली. टोळीतले दोघे-तिघे हसले. टेपवाल्याला ऊन लागलं म्हणाले.

चौदा माणसांसमोर आपलीच सही चुकीची आहे हे म्हणायला फार जड जातं. जीव वाचवायचा असला तरी जातं. क्षणभर मला वाटलं, सांगावं की साहेबांचा निरोप आहे, म्हणजे लाजही राहील आणि माणसंही बाहेर येतील. पण गोविंद निरोपाची चिठ्ठी मागणार हे मला माहीत होतं.

"ती सही चुकीची हाय, गोविंद," मी म्हटलं. "टिकल्या फुटत होत्या. मला कळलं नाय."

गोविंदने बॅटरी जवळच्या टिकलीवर मारली. टिकली कोरी. त्याने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात दामूदादा पुढे झाला. इतक्या वेळात त्याच्या ध्यानात आलं होतं की काहीतरी त्याच्याच हातून झालंय. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि पहिल्या टिकलीपासून चालायला लागला, बोटांनी एकेक चाचपत आणि सांगत. पहिलीला हात लावला नव्हता. दुसरी एकदा भरली. तिसरी एकदा. सहावी तीनदा. त्याला सगळं आठवत होतं. माझ्या वहीत तीन आठवडे नुसतं 'काही नाही' होतं आणि खरी नोंद ह्या माणसाच्या बोटांत होती. अकराव्या टिकलीशी तो थांबला. बोट मागे-पुढे फिरवलं.

"ही सात वेळा भरली," तो म्हणाला. "आज सकाळीबी भरली. आता पुन्हा उघडलीय."

गोविंदने वाकून बघितलं. मी बघितलं. केसाएवढी काळी रेघ, प्लॅस्टरच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. सकाळी सातला भरलेली चीर दुपारी उघडलेली. गोविंदने मग कुणाशी वाद घातला नाही. परांचीवरून उतरला, आधी दोन्ही पुतण्यांना पुढे घातलं आणि सगळ्यांच्या मागून स्वतः बाहेर आला. हत्यारं आतच राहिली.

संध्याकाळी पाध्ये साहेब आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी दामूदादाला समोर खुर्चीवर बसवलं, बावीस टिकल्यांचा नकाशा काढला आणि त्याला विचारून विचारून प्रत्येकीपुढे आकडा लिहिला. नववीपासून चौदावीपर्यंत आकडे फुगत गेलेले. कुठे थर सुटतोय ते कागदावर दिसत होतं. साहेब पेन्सिल ठेवून म्हणाले, "दामूदादा, ह्याहून चांगली नोंद मी पाहिली नाही. फक्त ती उशिरा मिळाली." दामूदादाला ही शाबासकी की बोलणी ते कळलं नाही. मलाही नीट कळलं नाही.

पट्टा दोरी लावून बंद झाला. कमानी मागवल्या. दामूदादाने नव्या टिकल्या लावल्या, या वेळी मी त्याला बसवून सांगितलं की त्या कशासाठी असतात. महिन्यापूर्वी हेच सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मी त्याला कशाने कालवायचं, कुठे लावायचं हे सगळं सांगितलं होतं, फुटण्यासाठीच लावायच्या एवढं सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर चीर दिसली की बुजवली, त्याला हे आपोआप कळेल असं मी धरून चाललो. चूक त्याच्या हाताची नव्हती, माझ्या डोक्याची होती.

आणि मग गंमत अशी झाली की काहीच झालं नाही.

नव्या टिकल्या एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले, कोऱ्याच. दामूदादा शपथ घेऊन सांगायचा की मी हात लावला नाय. मी रोज एकटा दोरी ओलांडून जायचो, बॅटरी मारायचो आणि पाय न वाजवता परत यायचो. थर जणू दमून बसला होता. तिकडे टोळी रिकामी. मोठे साहेब फोनवर विचारायचे की म्हात्रेंचा दगड पडला का. 'म्हात्रेंचा दगड' हेच त्याचं नाव पडलं. गाडीत गोविंद समोर बसायचा, पण तब्येत विचारायचा नाही. एकदा म्हणाला की हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. घरी बायको म्हणाली, जेवत का नाही तुम्ही? मी म्हटलं, काय नाय गो, दगडाची वाट बघतोय.

खरंच बघत होतो. ज्याचा पगार दगड पडू नये म्हणून, त्याने देवापुढे उभं राहून, आता पाड बाबा एकदाचा, असं मनात म्हणावं. मी म्हटलं. त्याची मला नंतर लाज वाटली, पण म्हटलं हे खरं.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही तोंडाशी चहा घेत होतो. गोविंद, दामूदादा, मी, टोळीतले सात-आठ जण. आधी वारा आला. बोगद्याच्या आतून, सरळ तोंडावर, इतका की दामूदादाची टोपी उडाली. आवाज मागून आला, जड, लांबलेला. मग धूळ. गोविंद उठून आपली माणसं मोजायला लागला. आलेली सगळी समोर बसली होती, कुणी आत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, तरी बोट दाखवून त्याने दोनदा मोजली. मला आनंद झाला. पहिल्यांदा आनंद झाला, मग मीही एकदा माणसं मोजून घेतली.

धूळ बसल्यावर साहेबांबरोबर आत गेलो. दहावी ते तेरावी टिकली जिथे होती तिथे आता दगडांचा ढीग होता आणि परांचीच्या लोखंडी नळ्या त्यातून वाकून बाहेर आल्या होत्या. गोविंदने लांबूनच बघितलं. बाहेर येऊन तो दामूदादाच्या शेजारी बसला, आपल्या कपातला निम्मा चहा बशीत ओतला आणि ती बशी त्याच्या हातात दिली.

अहवालात कारण म्हणून मी लिहिलं की टिकल्या लावणाऱ्या कामगारास त्यांचा उद्देश समजावून दिला नव्हता, जबाबदारी माझी. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे. दामूदादा बोगदा आरपार होईपर्यंत कामावर राहिला. तडकलेली टिकली लागली की मला हाक मारायचा आणि मी पोचेपर्यंत डाव्या हाताने उजवा हात धरून उभा राहायचा, नाहीतर तो आपसूक जातो म्हणायचा. पुढे कुठल्याही बोगद्यावर नवा माणूस हाताखाली आला की मी आधी त्याला ह्या बावीस टिकल्यांची गोष्ट सांगायचो, मग टेप धरायला द्यायचो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी गणपतीच्या दीड-दोन महिने आधी दामूदादाचा निरोप आला, कारखान्यात ये. तो तिथे परत जायला लागला होता, पुतण्याकडे, ओल्या मूर्तींच्या त्याच जागेवर. आता काहीच दिसत नव्हतं. त्याने माझं बोट धरलं आणि आमच्या घरच्या मूर्तीच्या पाठीवर फिरवलं. एक चीर बोटाला लागली, अगदी बारीक.

"तुझ्यासाठी ठेवलीय," तो म्हणाला. "पुतण्या बुजवत व्हता, त्याचा हात धरला. आठ दिवसांनी ये."

आठ दिवसांनी गेलो. त्याने पुन्हा माझं बोट फिरवलं, आणि ह्या वेळी मलाच विचारलं, वाढली का? मी सावकाश दोनदा चाचपून बघितलं. वाढली नव्हती. तेव्हा त्याने ओली माती घेतली, माझ्यासमोर चीर भरली, वरून ओलं बोट फिरवलं. मग चाचपडत मूर्तींच्या नावनिशीची वही काढली आणि आमच्या गणपतीचं पान उघडायला पुतण्याला सांगितलं.

"आता कर सही," दामूदादा म्हणाला.

मी सही केली. लहान केली.